राणीला थंडी वाजत होती

माझी बायको जपानात वारली तेव्हा तिला आधी बर्फात ठेवलं, मग जाळलं.

आमच्याकडं माणूस सकाळी गेलं तर दिवस मावळायच्या आत मोकळं करतात. तिथं कायदा वेगळा. मेल्यानंतर एक अख्खा दिवस गेल्याशिवाय जाळता येत नाही, आणि भट्टी रिकामी नसली तर आणखी थांबा. तोवर धूर निघणाऱ्या कोरड्या बर्फाच्या विटा कापडात गुंडाळून अंगाला दोन्ही बाजूंनी लावतात. मी तिच्या दंडाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. ही बाई जन्मभर थंडीला भ्यायलेली. पौषात चुलीपुढनं हलायची नाही. उन्हाळ्यातसुद्धा पहाटे पायावर पांघरूण लागायचं. तिला नेऊन बर्फात घातली.

हे क्योतोला घडलं. समुद्र गावांत शिरला तो मोठा भूकंप होऊन गेल्यावरचा पहिला हिवाळा.

आम्ही तिथं कसे, ते सांगतो. मी सातवी शिकलेला माणूस. कराडच्या अलीकडं हायवेला माझं टायरचं दुकान होतं. पंक्चर काढायचं, टायर बदलायचे, हवा भरायची, एवढंच जन्मभर केलं. मुलगी एकच, ती मात्र पुस्तकातली निघाली. क्योतोच्या विद्यापीठात ती पीएच.डी. करत होती, आणि कशावर, तर जुन्या ग्रीस देशातल्या एका गावाच्या इतिहासावर. गाव म्हणजे तिथलं राज्यच. एका गावाचं एक राज्य, त्याची वेगळी फौज, शेजारच्या गावाशी लढाई.

मी तिला फोनवर विचारलं होतं, “ग्रीस शिकायला जपानला कशाला गेलीस?”

“आप्पा, शिष्यवृत्ती इथं मिळाली.”

“मग जपानचं काहीतरी शीक की.”

“ते शिकायला जपानी लोक आहेत.”

गावात कोणी विचारलं तर मी सांगायचो, जपानात शिकते. लोक समजायचे कॉम्प्युटर. मी कोणाला दुरुस्त करत बसलो नाही.

जावईही त्याच विद्यापीठात, प्रयोगशाळेत. सूक्ष्म जंतू वाढवतो. मुलीला दिवस गेले म्हणून आम्ही दोघं बाळंतपणाला गेलो. बायको पहिल्यांदा विमानात बसली. सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा मी म्हणालो, गोधडी काढ, तिथं मिळतात ना पांघरुणं. तिनं गोधडी काढली आणि खांद्यावर घेतली. विमानात बसेपर्यंत खाली ठेवली नाही.

क्योतोची थंडी दिसत नाही, फरशीतनं वर येते. घरं लाकडाची, भिंती पातळ. खोलीत हीटर होता. पण भूकंपानंतर अणुभट्ट्या बंद पडलेल्या, म्हणून वीज जपून वापरा अशी पत्रकं दारात पडायची. मुलगी वाचून दाखवायची. टीव्हीवर उत्तरेकडची माणसं दिसायची, पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत, तोंडातनं वाफ निघतेय. बायको ते बघायची आणि उठून हीटर बंद करायची.

“अगं, आपल्या दोघांच्या हीटरनं त्यांना काय ऊब जाणार आहे?” मी म्हणायचो.

“यजमानाच्या घरी अडचण असताना पाहुण्यानं दुसऱ्यांदा भात मागू नये,” ती म्हणायची. मुलीच्या खोलीतला हीटर मात्र चालू ठेवायची. आमच्या खोलीत आम्ही दोघं गोधडीत. मी स्वेटर घालून झोपायचो, तिनंच विणलेला, तपकिरी. एक बाही लांब झालेली.

नातू झाला आणि घराला सूर आला. बायकोनं शेगडीऐवजी तव्यावर ओवा-शेपा टाकून बाळंतिणीला धुरी द्यायला घेतली, तर छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. जावई हातात चप्पल घेऊन धावत आला. खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली, वाकून वाकून काहीतरी विचारत. बायकोनं तिच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीनं संत्री आणून दिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि जिन्यात अर्धा अर्धा तास बोलायच्या.

दुपारी बाळाला तेल लावताना बायको पाय पसरून बसायची, बाळ पायांवर. मुलगी समोर पुस्तक घेऊन. एकदा बायको म्हणाली, “मनातल्या मनात काय वाचतेस? मोठ्यानं सांग की, बाळ पण ऐकंल.”

“आई, ह्यात सगळी मारामारी आहे.”

“असू दे. आपल्या गोष्टींत कुठं नसते?”

म्हणून मुलगी सांगायला लागली. तिचं ते गाव म्हणजे कोरिंथ. तिथं एका माणसानं राज्य बळकावलं. राजाच्या वंशातला नव्हे, दांडगाईनं बसलेला. त्याच्या मागं त्याचा मुलगा गादीवर आला, तो बापाहून वाईट. मुलगी त्याला जुलमी, हुकूमशहा असं काय काय म्हणायची. आम्ही राजाच म्हणायचो. बायको तर मुडदा म्हणायची.

हा राजा गादीवर बसल्यावर त्यानं दुसऱ्या गावच्या तसल्याच एका हुकूमशहाकडं माणूस पाठवला, की राज्य कसं सांभाळू? त्या दुसऱ्यानं तोंडानं काही सांगितलं नाही. आलेल्या माणसाला उभ्या पिकात घेऊन गेला, आणि चालता चालता जे जे कणीस बाकीच्यांच्या वर आलेलं दिसलं ते छाटून टाकलं. माणूस परत येऊन म्हणाला, वेड्याकडं पाठवलंत मला, स्वतःच्याच पिकाची नासाडी करतो. राजाला बरोबर कळलं. गावातली जी जी माणसं डोकं वर काढून होती ती त्यानं मारली, नाहीतर हाकलली.

“चांगली कणसं छाटली तर बियाणं कशाचं धरणार मेला?” बायको म्हणाली आणि बाळाच्या पोटावरून हात फिरवला.

पुढं त्या राजानं आपल्या बायकोला मारलं. गरोदर होती ती. कोणी काहीतरी कान भरले म्हणून रागात लाथ घातली, त्यात गेली. हे ऐकल्यावर बायकोनं बाळाचे कान झाकले. खरोखर दोन्ही हातांनी झाकले. “हे नको सांगूस ह्याच्यापुढं,” म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “मग तिच्या माहेरचे काय झोपले होते?”

माहेरचे झोपले नव्हते. तिचा बाप शेजारच्या गावचा राजा. तिची दोन मुलं आजोळी गेली, तर आजोबानं निरोप देताना विचारलं, पोरांनो, तुमच्या आईला कोणी मारलं ठाऊक आहे का? थोरल्याच्या डोक्यावरून गेलं. धाकट्याच्या काळजात बसलं. घरी आल्यावर त्यानं बापाशी बोलणं टाकलं. बाप विचारतोय, हा गप्प. शेवटी बापानं त्याला घराबाहेर काढला आणि दवंडी पिटवली, की जो ह्याला घरात घेईल किंवा ह्याच्याशी बोलेल त्यानं देवाला दंड भरायचा. मग कोण बोलतंय? पोरगा ओसऱ्यांत पडून राहिला, उपाशी, मळका. काही दिवसांनी बापालाच बघवेना. जवळ जाऊन म्हणाला, बाळा, घरी चल, सगळं तुझंच आहे. तेव्हा पोरानं तोंड उघडलं. म्हणाला, तुम्ही माझ्याशी बोललात. दंड भरा.

बायको एवढी हसली की बाळ दचकलं. “अस्सा पाहिजे!” म्हणाली. “शाब्बास रे पठ्ठ्या!” दोन दिवस तिला ते पुरलं. मी काही विचारलं की म्हणायची, “माझ्याशी बोललात, दंड भरा.” चहा मागितला तरी तेच.

राजानं मग पोराला समुद्रापलीकडं पाठवून दिलं, आणि सासऱ्यानं पोराचे कान भरले म्हणून सासऱ्याच्या गावावर फौज घातली. गाव घेतलं, सासऱ्याला कैद केलं. “चोराच्या उलट्या बोंबा,” बायको म्हणाली. “बायको ह्यानं मारायची आणि लढाई सासऱ्याशी.”

गोष्ट तिथंच थांबली होती. पुढं काय झालं ते उद्या, असं मुलगी म्हणाली होती.

त्या उद्याच्या दिवशी बायको लाडवांसाठी डिंक तळत होती. मला म्हणाली, “अहो, जरा बसते मी.” बसली. मी गॅस बंद केला तोवर भिंतीला डोकं टेकलं होतं. रुग्णवाहिका लवकर आली, माणसं चांगली होती, दवाखाना जवळ होता. कशाचाच उपयोग झाला नाही. डॉक्टरानं वाकून सांगितलं. मला भाषा कळत नव्हती, वाकणं कळलं.

सवाष्ण गेली, म्हणून हिरवं पातळ नेसवायचं, हिरवा चुडा भरायचा, ओटी भरायची. पातळ होतं, बारशासाठी आणलेलं. चुडाही होता. अंत्यविधीचं बघणारी बाई काळ्या कपड्यांत गुडघ्यांवर बसून मुलीशी हळू आवाजात बोलली. मुलीनं मला सांगितलं, काच चालत नाही. भट्टीत वितळते आणि हाडांना चिकटते. बांगड्या उतरवल्या. मी म्हणालो, बरं, मग तिची गोधडी तरी घाला वरनं. त्या बाईनं गोधडी दोन्ही हातांनी घेतली, जाडी बघितली, आणि तितक्याच अदबीनं परत दिली. जाड पांघरूण पेटीत घालता येत नाही, नीट जळत नाही. एक पांढरा पातळ पलंगपोस घातला. खाली बर्फाच्या विटा, वर पलंगपोस.

जाळल्यावर हाडं काढायची पद्धत तिथंही आहे. पण काड्यांनी उचलायची, ते जेवतात तसल्या लांब काड्यांनी. मी आयुष्यात काड्या धरलेल्या नाहीत. पहिलं हाड निसटलं. मी काड्या खाली ठेवल्या आणि हातानं उचललं. तिथला नोकर दुसरीकडं बघायला लागला. हाड अजून कोमट होतं. त्या सगळ्या दिवसांत तेवढी एक गोष्ट मला बरी वाटली.

दहाव्याला पिंड ठेवला, नदीकाठी. क्योतोच्या मधून नदी जाते, कावळे भरपूर, आपल्या दुप्पट. मी म्हटलं, काही राहिलं असेल तिच्या मनात तर कावळा शिवणार नाही, मग आपण सांगू तिला, बाळाचं सगळं नीट करतो म्हणून. हात जोडून उभा राहिलो. कावळे तारेवर बसून बघत होते. आणि वरनं एक घार आली, पानासकट पिंड उचलला, गेली. नदीकाठी बसून खाणाऱ्यांच्या हातातला पावसुद्धा घारी नेतात, हे जावयानं मला नंतर सांगितलं.

मी गावच्या भटजींना फोन लावला. सगळं सांगितलं.

“घार?” ते म्हणाले.

“घार.”

पोथीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “घारीचं शास्त्रात काही नाही हो.”

“मग तिच्या मनात काही राहिलंय का नाही, कसं कळणार?”

“परदेशात आहात, चालतंय,” म्हणाले आणि फोन ठेवला. चालतंय म्हणजे काय चालतंय? पंक्चर निघालं का नाही ते पाण्यात धरल्याशिवाय मी कधी गिऱ्हाइकाला चालतंय म्हणालो नाही.

तेरावं झालं. अस्थींचं मडकं पांढऱ्या कापडात गुंडाळून टीव्हीशेजारच्या फळीवर. गोधडी मुलीनं घेतली. बाळाला पाजायला बसायची तेव्हा खांद्यावरून ओढून घ्यायची, नाकापर्यंत.

एका दुपारी मी म्हणालो, “ती गोष्ट राहिली तुझी.”

“कोणती?”

“त्या मुडद्याची. तुझ्या आईला पुढचं ऐकायचं होतं.”

तिनं सांगायला नको होतं, असं आता ती म्हणते. मी विचारायला नको होतं, असं मी म्हणत नाही.

झालं होतं असं, की राजाकडं कोण्या पाहुण्याची ठेव होती, आणि ती कुठं ठेवलीय हे कोणाला सापडेना. म्हणून त्यानं मेलेल्यांशी बोलता येतं अशा एका जागी माणसं पाठवली, आपल्या मेलेल्या बायकोला विचारायला.

मला हे लगेच पटलं. घरातली वस्तू कुठं आहे हे बायकोलाच माहीत असतं. त्या वेळी माझा वाचायचा चष्मा कुठं गेला होता, आणि मी रोज मडक्याकडं बघत होतो.

राणी आली. पण म्हणाली, सांगणार नाही. मला थंडी वाजतेय. अंगावर काही नाही. तुम्ही कपडे माझ्याबरोबर पुरलेत, जाळले नाहीत, त्यांचा मला काही उपयोग नाही. आणि हे मीच बोलतेय हे नवऱ्याला पटावं म्हणून तिनं एक खूण सांगितली. ती खूण काय होती, ते मुलीनं गाळलं. पान उलटताना जरा गडबडली. बापाला सांगण्यासारखं नसेल.

“मग?” मी विचारलं.

“मग त्यानं दवंडी पिटवली, गावातल्या सगळ्या बायकांनी देवीच्या देवळात यायचं. बायकांना वाटलं सण आहे. होतं नव्हतं ते चांगलं नेसून आल्या, मालकिणी, दासी, सगळ्या. राजानं भालेवाले शिपाई उभे केले होते. सगळ्यांचे कपडे उतरवून घेतले, एका खड्ड्यात टाकले आणि बायकोचं नाव घेऊन जाळले.”

“आणि राणीची थंडी गेली?”

“आप्पा, त्यानं गावातल्या बायकांना...”

“ते कळलं. तिची थंडी गेली का?”

मुलीनं परत पुस्तकात बघितलं. “दुसऱ्यांदा माणसं पाठवली तेव्हा तिनं ठेवीची जागा सांगितली,” म्हणाली. “एवढंच लिहिलंय.”

म्हणजे गेली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. मला कोणी वेडा म्हणा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, नाहीतर आणखी जुन्या, कुठल्या देशातल्या बाईची गोष्ट, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. भटजींकडं घारीचं काही नव्हतं. हिच्या पुस्तकात निदान थंडीचं काहीतरी होतं. माझी बायको एका पातळ पलंगपोसावर गेली. गोधडी इथं राहिली.

जावयाला विचारलं, इथं काही जाळायचं असेल तर कुठं जाळतात? तो म्हणाला, “आप्पा, उघड्यावर जाळता येत नाही, अग्निशमनवाले येतील. जळणारा कचरा पिवळ्या पिशवीत भरून...” माझ्या तोंडाकडं बघून त्यानं पिशवीचं वाक्य अर्धंच सोडलं. मग म्हणाला, नवीन वर्षाला दारांना बांधलेली गवताची तोरणं इथले लोक देवळात नेऊन जाळतात, संक्रांतीच्या सुमारास. मोठा जाळ करतात. जवळच्या देवळातही असतो.

आपल्या होळीसारखं, मी म्हटलं मनात.

मुलगी बाळाला पाजून बसली होती. गोधडी खांद्यावर.

“ती गोधडी दे,” मी म्हणालो.

“थंडी वाजतेय का? हीटर वाढवू?”

“मला नाही. तुझ्या आईला द्यायची आहे. देवळात जाळ आहे.”

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं गोधडीची कड मुठीत धरली. “नाही,” म्हणाली.

“काढ.”

“आप्पा, आईचा वास आहे हिला. माझ्याकडं दुसरं काय आहे?”

“तुला पांघरुणं मिळतात दुकानात. तिला कुठं मिळणार? मी बाप आहे, मी सांगतोय, काढ.”

“तो पण असंच म्हणाला होता. काढा.”

“कोण?”

“तुमचा राजा.”

“मी तुझ्या आईला लाथ मारली का गं?” मी ओरडलो. बाळ रडायला लागलं.

“नाही मारली. कोण म्हणतंय मारली? पण तिच्या वस्तूंचे मालक तुम्ही कधी झालात? तुमची एकट्याचीच गेलीय का ती?”

यानंतर मी बोललो ते लिहिण्यासारखं नाही. जावई मधे आला, त्यालाही ऐकवलं. शिकलेली पोरं आईला गारठ्यात ठेवतात, एवढं सांगतो, बाकी तुम्ही समजा.

मुलीनं बोलणं टाकलं. ताट वाढायची, चहा ठेवायची, बाळ मांडीवर द्यायची, शब्द नाही. मीही कमी नाही. घरात तीन मोठी माणसं आणि जावई एकटा बोलतोय, हवेबद्दल. संक्रांत आली. सुतकाचं वर्ष, तिळगूळ नाही, त्यामुळं गोड बोला म्हणायचाही प्रश्न नव्हता.

जाळाच्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मुलीनं गोधडी गॅलरीच्या कठड्यावर टाकली आणि बाळाला आंघोळ घालायला आत गेली. मी गोधडी काढली, काखेत मारली आणि जिना उतरलो. खालच्या म्हातारीनं मला बघितलं. ती वाकली, मी पण वाकलो.

देवळाच्या आवारात लोक रांगेनं उभे होते, हातात तोरणं. मधे जाळ, भोवती दोर. आपल्यासारखी बोंबाबोंब नाही, दवाखान्यात असतात तसे गप्प. डोक्याला टोपी, हातात बांबू घेतलेला एक माझ्याच वयाचा माणूस प्रत्येकाचं सामान तपासत होता. तोरणाला प्लॅस्टिकचं संत्रं असलं तर तोडून वेगळ्या खोक्यात टाकत होता. देवाच्या जाळाचीसुद्धा वर्गवारी. मला वाटलं, हा पण आता जाडी बघणार आणि वाकून परत देणार.

माझा नंबर आला. त्यानं गोधडीवर हात ठेवला. काहीतरी विचारलं. मला सांगता येईना. मी आभाळाकडं बोट केलं, मग करंगळीशेजारच्या बोटाला हात लावला, तिथले लोक अंगठी घालतात तिथं. मग दंड चोळून थंडी वाजल्याचं दाखवलं. त्याला किती कळलं देव जाणे. पण तो बाजूला झाला आणि दोर वर उचलून धरला.

आता मला कोणी अडवत नव्हतं.

गुंडाळी तशीच टाकायची नव्हती मला. पांघरूण आहे, उलगडूनच गेलं पाहिजे. म्हणून मी दोन्ही टोकं धरून झटकली, आणि ती उन्हात समोर उघडली. इतकी वर्षं मी तिच्याखाली झोपलो. तिच्याकडं असं उभं राहून कधी बघितलं नव्हतं.

मधला मोठा तुकडा माझ्या आईच्या लुगड्याचा. त्याला लागून माझ्या बहिणीचं पोपटी, ती लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली. खाली शेजारणीचं फुलाफुलांचं, जी आमची मुलगी झाली तेव्हा रात्रभर बसली होती. एका कोपऱ्यात मुलीच्या शाळेचा निळा स्कर्ट, त्याच्यावर शाईचा डाग तसाच. सासूबाईंचं इरकल. आणखी दोन-तीन बायकांचं, ज्या मला ओळखता आल्या नाहीत. बायकोचं स्वतःचं मी शोधायला लागलो. कडेला एक बारीक पट्टी मिळाली, जांभळी, वितीएवढी. बाकी सगळं इतरांचं.

मागं लोक थांबले होते. बांबूवाला काही बोलला नाही. जाळाची धग तोंडाला लागत होती आणि पाठ गार. राजानं देवळात बोलावून घेतलेल्या त्या बायका मला दिसल्या असं मी म्हणणार नाही, तसलं मला काही दिसत नाही. मला एवढंच वाटलं, की हे मी आत्ता टाकलं तर आईच्या, बहिणीच्या, पोरीच्या अंगावरचं न विचारता काढलं असं होईल. आणि ती ओरडेल माझ्यावर. ‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं हा उद्योग करायला?’ हुबेहूब आवाज आला.

पण मोकळ्या हातानं तरी कसं परत जाऊ? तिला थंडी वाजतच होती.

मी गोधडी खांद्यावर टाकली, स्वेटर डोक्यातनं काढला आणि जाळात टाकला. तो माझा होता. तिनं विणलेला पण माझा, माझ्या अंगावरचा. लोकर लवकर पेटली नाही. आकसली, काळी पडली, केस जळल्यासारखा वास सुटला. आजूबाजूच्या दोन बायकांनी नाकाला रुमाल लावले. बांबूवाल्यानं बांबूनं स्वेटर जाळाच्या मधोमध सारला, आणि हात जोडले. मग मीही जोडले.

येताना मला गारठ्यानं दात वाजायला लागले म्हणून गोधडी अंगाभोवती लपेटली. क्योतोच्या मोठ्या रस्त्यानं, बसगाड्यांच्या शेजारनं, एक म्हातारा गोधडी पांघरून चाललाय. लोक बघत नव्हते. तिथले लोक न बघण्यात हुशार आहेत. नाक्यावर जावई सायकलवर भेटला, घामाघूम. मला शोधत होता. गोधडी बघून त्यानं सायकलवरून उतरायच्या आधीच घरी फोन लावला. तिथनं घरापर्यंत तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालला. हवेबद्दलही काही बोलला नाही.

मुलगी दारात उभी होती, बाळ खांद्यावर. डोळे सुजलेले. मी गोधडी काढली आणि पुढं केली. ती घेईना.

“जाळली नाही,” मी म्हणालो.

ती गप्प.

“पूर्ण आहे. बघ हवं तर. कड पण जळली नाही.”

तिनं गोधडी घेतली, नाकाला लावली. आता तिला धुराचा वास येत असणार. आईचा राहिला का गेला, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मग ती माझ्या अंगाकडं बघायला लागली, नुसता सदरा.

“स्वेटर कुठाय आप्पा?”

“दिला तिला.”

तिचा चेहरा कसातरीच झाला. मला वाटलं आता ही रडणार, नाहीतर परत भांडणार. तिनं नाक पुसलं. म्हणाली, “तुम्ही आधी बोललात माझ्याशी.”

“मग?”

“दंड भरा.”

आणि मग ती रडली. बाळ तिच्याकडं बघून, मी बाळाकडं बघून. जावई चपला नीट लावत बसला.

गोधडी क्योतोलाच राहिली. नातू तिच्यावर रांगायला शिकला, असं मुलीनं कळवलं. मी अस्थी घेऊन परत आलो आणि कृष्णेत सोडल्या. या वेळी पाणी तरी ओळखीचं होतं. चष्मा मला गावी आल्यावर सापडला, तिच्या पिशवीत, लाडवांच्या डब्याखाली. तिनंच ठेवला असणार.

स्वेटर तिला पोचला का, हे मला अजून माहीत नाही. पोचला असेल तर तिला मोठा होईल. पण एक बाही लांब आहे, तेवढा एक हात तरी आत राहील. त्या राजानं आपली बायको लाथ घालून मारली, तरी ती त्याला सांगायला आली, थंडी वाजते म्हणून. माझी आली नाही. मी रोज झोपताना वाट बघतो. थंडीचं नको सांगूस, काहीही सांग. चहाचं सांग. दंडाचं सांग.